परदेशाहून आलेल्या रकमेचा हिशेब

महाराष्ट्राच्या संपत्तीची मोजदाद करताना आपण साखर कारखान्यांची, कापडाची, मोटारींच्या कारखान्यांची आणि रोखेबाजाराची गणना मोठ्या अगत्याने करतो; परंतु परदेशी गेलेले मुलगे, मुली, जावई व भाऊ आपल्या घरी दरमहा जो पैसा धाडतात, आणि ज्याच्यावर मुंबईच्या उपनगरांतील असंख्य घरांचे औषधपाणी, सोसायटीचे देखभालशुल्क व घरी येणाऱ्या मदतनीस बाईंचा पगार चालतो, त्या पैशाकडे ज्याची त्याची खासगी बाब म्हणून पाहण्याची आपल्याला सवय जडली आहे. वास्तविक ही बाब आता केवळ खासगी राहिलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ या आर्थिक वर्षात परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी पाठविलेली रक्कम ११८ अब्ज ७० कोटी डॉलर होती, आणि तिच्यातील २०.५ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राच्या पदरी पडला. ज्या केरळचे नाव या संदर्भात सर्वांच्या जिभेवर असते त्याचा वाटा १९.७ टक्के होता. केरळ सरकारने आपल्या परदेशस्थ नागरिकांसाठी १९९६ सालीच स्वतंत्र खाते उघडले, तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राने १९९८ पासून स्थलांतरितांच्या घरोघर जाऊन पाहण्या केल्या, आणि तेथील विधानसभेत व वृत्तपत्रांत या पैशाच्या प्रत्येक चढउताराची चर्चा होते. आपल्याकडे, त्याहून अधिक रक्कम ज्या राज्यात येते त्या राज्यात, ती बँकेच्या दारातून आत येताना तिचे काय होते याची विचारपूस करणारा कोणी नाही. ती विचारपूस व्हावी, आणि रक्कम ज्याच्या खात्यात जमा होते त्याला तिच्यातून कोणी, किती व कशासाठी कापले याचा त्याच्या भाषेतील लेखी हिशेब बँकेने मागितल्यावाचून द्यावा, एवढेच मागणे मला या लेखातून मांडावयाचे आहे.

हे मागणे नवे नाही. गिरणगावातील कामगार कोकणातल्या आपल्या घरी पैसे पाठवीत असे तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना मनीऑर्डरीची पद्धतही आठवत असेल. सरकारी टपालखात्याने ही सोय १८८० साली सुरू केली, आणि पुढे शंभर वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक गावांचा संसार तिच्यावर चालला. लालबागच्या टपाल कचेरीत पाठवणारा माणूस रक्कम देई, वर ठरलेले कमिशन देई, आणि कूपनावर दोन ओळींची खुशाली लिही किंवा लिहवून घेई; तिकडे पोस्टमन घराच्या पडवीत बसून कूपन वाचून दाखवी, अंगठा उठवून घेई आणि नोटा मोजून हातावर ठेवी. पंचवीस रुपयांची मनीऑर्डर निघाली असेल तर पंचवीस रुपयेच पोचत, एक पैही कमी पोचत नसे, आणि निरक्षर म्हाताऱ्या आईलाही आपल्या मुलाने किती धाडले व आपल्याला किती मिळाले यांच्यात अंतर नाही याची खातरी असे. विजेच्या वेगाने संदेश धाडणाऱ्या आजच्या बँकव्यवस्थेने ही एवढी साधी खातरी त्या आईच्या शिकलेल्या नातसुनेलाही देऊ नये, हे मला फार खटकते.

मधल्या काळात या पैशाने देशावर केवढे उपकार केले आहेत याची आठवण देण्यासाठी अंधेरीजवळच्या सहार विमानतळाकडे बोट दाखविले तरी पुरे. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत व्यापले, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत सुमारे १ लाख ७० हजार भारतीय अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणले गेले. वर्षानुवर्षे घरी पैसे धाडणारी ही माणसे एकाएकी रिकाम्या हाताने याच धावपट्टीवर उतरली. तेलाचा भाव भडकला, आखातातून येणारा ओघ आटला, आणि परकीय चलनाची गंगाजळी पाहता पाहता तळाला गेली. त्यानंतर वर्षही लोटले नव्हते तोच, १९९१ च्या जुलैत, रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने गहाण पडण्यासाठी याच सहारवरून इंग्लंडला रवाना झाले. त्या कठीण वर्षी स्टेट बँकेने परदेशस्थ भारतीयांसाठी विकासरोखे काढले आणि त्यांतून १ अब्ज ६० कोटी डॉलर उभे राहिले. पोखरणच्या अणुचाचणीनंतर जगाने निर्बंध घातले तेव्हा, १९९८ साली, अशाच रोख्यांतून ४ अब्ज २० कोटी डॉलर आले. २००० सालच्या मिलेनियम ठेवींत साडेपाच अब्ज. ज्यांच्या बचतीवर विसंबून देशाने आपली अडचण तीन वेळा निभावली, त्यांच्या आईवडिलांना पासबुकातल्या एका ओळीचा अर्थ विचारण्यासाठी काउंटरवर ताटकळत ठेवणे हे कृतज्ञतेचे लक्षण म्हणता येणार नाही.

ती ओळ कशी असते ते पाहण्यासारखे आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुलुंड पूर्वेच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या शाखेत पासबुक छापणाऱ्या यंत्रापुढे जी रांग असते, तिच्यात छापून निघालेले पान डोळ्यांजवळ धरून एखादी ओळ बोटाने चाचपणारे कोणी ना कोणी असतेच. तारीख, मग काही आद्याक्षरे, मग सोळा-सतरा अंकांचा संदर्भक्रमांक, पाठवणाऱ्याच्या नावाची पहिली काही अक्षरे जागेअभावी तुटलेली, आणि उजवीकडे रुपयांचा आकडा. मुलाने किती डॉलर पाठविले, ते किती पोचले, कोणत्या दराने त्यांचे रुपये झाले आणि कोणती आकारणी वजा झाली, यांपैकी एकही गोष्ट तेथे नसते. “मुलगा तर हजार म्हणाला होता, मग हे इतके कमी कसे?” असे विचारले, तर काउंटरवरची मुलगी सौजन्याने सांगते, “काकू, ते तिकडूनच कापून आलंय, आमच्या हातात काही नसतं.” तीही खोटे बोलत नसते, तिच्या पुढ्यातल्या पडद्यावरही बहुधा त्याहून अधिक माहिती आलेली नसते.

ही रक्कम प्रवास कशी करते हे समजल्यावाचून तिच्यातील गळती समजत नाही. बँकेतून बँकेत पैसा पाठवण्याचा सर्वांत रूढ मार्ग म्हणजे स्विफ्ट होय. ही संस्था १९७३ साली बेल्जियममध्ये स्थापन झाली, आणि तिच्याविषयीचा एक समज प्रथम दूर केला पाहिजे: स्विफ्ट पैसा वाहून नेत नाही, ती केवळ निरोप पोचविते. न्यू जर्सीतील बँक आपल्या खातेदाराचे हजार डॉलर घेते आणि निरोप धाडते. पण तिचा घाटकोपरच्या बँकेशी प्रत्यक्ष हिशेब नसेल तर दोघींचे खाते जिच्यापाशी आहे अशी एखादी मध्यस्थ बँक शोधावी लागते, आणि ही मध्यस्थ बँक आपली दलाली त्या रकमेतूनच कापून घेते. आपल्या इकडच्या बँकेचे डॉलरचे खाते न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी असते. तेथे रक्कम जमा झाली की ती येथे आपल्या दराने रुपये देते. पाठवताना खर्च कोणी सोसावयाचा याचे तीन पर्याय अर्जावर असतात: सगळा पाठवणाऱ्याने, सगळा घेणाऱ्याने, किंवा दोघांनी वाटून. बहुतेक मुलगे घाईत वाटून घेण्याच्या पर्यायावर खूण करतात, आणि त्याचा अर्थ असा होतो की मध्यस्थाची कापाकापी आईच्या वाट्याला येते.

एक उदाहरण आकडे मांडूनच पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी बाजारात डॉलरचा भाव ९० रुपये आहे असे धरा. मुलाने हजार डॉलर धाडले, म्हणजे बाजारभावाने ९० हजार रुपये झाले. वाटेत मध्यस्थाने २० डॉलर घेतले, उरले ९८०. येथील बँकेने ९० च्या ऐवजी ८८ रुपये ५० पैसे दर लावला, म्हणजे ८६,७३० रुपये झाले. परकीय चलनाच्या रूपांतरावर वस्तू व सेवा कर आहे. लाख रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी तिचा एक टक्का हे सेवेचे मूल्य मानून त्यावर १८ टक्के कर घेतात, तो येथे १५६ रुपये होतो. बँकेने आवक रकमेची हाताळणी म्हणून २५० रुपये आणि त्यावरील कराचे ४५ रुपये कापले असे समजा. खात्यात पडले ८६,२७९ रुपये. बाजारभावाने तीन हजार सातशे एकवीस रुपये कमी झाले, आणि त्यांत सरकारच्या तिजोरीत गेले अवघे दोनशे एक. मध्यस्थाचे अठराशे निदान विचारले तर कळतात. पण विनिमयाच्या दरात जे १,४७० रुपये विरघळले ते कोणत्याही पावतीवर कधीच दिसत नाहीत, कारण कायद्याच्या दृष्टीने ते शुल्क नसून बँकेचा खरेदीदर आहे. जुन्या पेढ्यांवर हुंडी वटवताना सराफ हुंडणावळ तोंडावर सांगत असे आणि पटली तरच व्यवहार होत असे. येथे दर कोणता लागणार हे रक्कम जमा होऊन गेल्यावरही समजत नाही.

पाठवणाऱ्याची स्थिती याच्या अगदी उलट आहे. अमेरिकेत २८ ऑक्टोबर २०१३ पासून जो नियम लागू आहे त्याप्रमाणे परदेशी पैसा पाठवणाऱ्या ग्राहकाला, त्याने पैसे भरण्यापूर्वीच, विनिमयाचा दर, शुल्क आणि पलीकडे किती रक्कम पोचेल याचा आकडा लेखी द्यावा लागतो. व्यवहार झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत तो रद्द करण्याचा हक्कही त्याला असतो. पण त्याच नियमात एक फट आहे. घेणाऱ्याच्या बँकेने लावलेले शुल्क आणि परक्या देशातील कर यांचा आकडा देणे पाठवणाऱ्या संस्थेवर सक्तीचे नाही. ‘प्रत्यक्षात याहून कमी मिळू शकेल’ एवढी सूचना छापली की तिची जबाबदारी संपते. म्हणजे साखळीचे पहिले टोक अमेरिकेतील कायद्याने बांधले आहे, आणि शेवटचे टोक, जे भारतात आहे, अंधेरीत आहे, मुलुंडात आहे, ते बांधण्याचे काम आपले होते व ते आपण केलेले नाही.

रक्कम पोचायला लागणारा विलंब हाही त्याच दुर्लक्षाचा भाग आहे, आणि त्याचे एक कारण इतके घरगुती आहे की ते बँकांनी केव्हाच सोडवायला हवे होते. मराठी माणसाचे नाव कोणत्या क्रमाने लिहावे याचा मेळ दोन देशांच्या अर्जांत बसत नाही. पासबुकावर आडनाव आधी, मग नाव, मग पतीचे नाव असते. मुलगा अमेरिकन रीतीने आईचे नाव आधी आणि आडनाव शेवटी लिहितो, पतीचे नाव गाळतो. कधी खाते माहेरच्या नावाने उघडलेले असते. निरोपातील नाव आणि खात्यावरील नाव जुळले नाही की रक्कम अडकते, आणि ती अडकली आहे हे कळवणारा फोन येईपर्यंत आठवडा सरतो. म्हणून पासबुकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मुलाकडे पाठवावे आणि नाव त्याच क्रमाने, अक्षरशः तसेच लिहिण्यास सांगावे. सोबत बँकेचा आठ किंवा अकरा अक्षरांचा स्विफ्ट संकेत, शाखेचा आयएफएससी आणि पूर्ण खातेक्रमांक लागतो. युरोपातील अर्जांत आयबॅन नावाचा रकाना असतो. भारतीय खात्यांना तो क्रमांक नसतो, त्यामुळे त्याच्या शोधात कोणी शाखेत हेलपाटे घालू नयेत. शिवाय रक्कम कशासाठी आली याचा हेतुसंकेत बँकेला नोंदवावा लागतो; कुटुंबाच्या निर्वाहासाठी आलेल्या पैशाचा संकेत पी-१३०१ आहे, वैयक्तिक भेटीचा पी-१३०२. बँकेतून कोणी हे विचारण्यासाठी फोन केला तर घाबरण्याचे कारण नाही, मात्र त्या वेळी गुप्त क्रमांक मागितला गेला तर तो फोन बँकेचा नाही असे समजून तत्काळ ठेवून द्यावा.

सहकारी बँकांच्या खातेदारांची एक वेगळी अडचण आहे. उपनगरांतील मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांचा जीव आपल्या सहकारी बँकेवर असतो. पण परकीय चलनाचा व्यवहार करण्याचा परवाना त्यांतील थोड्यांनाच आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या सारस्वत बँकेला तो १९७८ साली मिळाला, हा त्या क्षेत्राच्या दृष्टीने मोठाच टप्पा होता. ज्या बँकेकडे परवाना नाही तिच्या खातेदाराची रक्कम परवानाधारक दुसऱ्या बँकेमार्फत फिरून येते, म्हणजे आणखी एक मध्यस्थ, आणखी एक आकारणी आणि निरोपात आणखी एक ओळ बिनचूक लिहिण्याची आवश्यकता. अशा खातेदाराने आपल्या शाखेतून ‘परदेशातून रक्कम पाठवण्याच्या सूचना’ असा छापील कागद मागून घ्यावा आणि तो जसाच्या तसा मुलाला धाडावा.

स्विफ्टवाचून इतर मार्गही आहेत आणि घरखर्चाच्या लहान रकमांसाठी ते पुष्कळदा स्वस्त पडतात. आखातातील विनिमयगृहे आणि अमेरिकेतील कित्येक पैसे-धाडणी कंपन्या भारतीय बँकांशी रुपयांचा करार करून ठेवतात. पाठवणाऱ्याला रुपयांचा आकडा आधीच दाखवितात आणि ते रुपये येथील देशी यंत्रणेतून थेट खात्यात टाकतात, त्यामुळे वाटेत मध्यस्थ कापत नाही. रोखीने पैसे घेण्याच्या योजनेत एका वेळेस अडीच हजार डॉलरपर्यंत, वर्षातून तीस वेळा, आणि हातात रोख पन्नास हजार रुपयांपर्यंत अशी मर्यादा आहे. ज्याचे बँकखाते आहे त्याने या वाटेला जाण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. सिंगापूरशी मात्र २१ फेब्रुवारी २०२३ रोजी यूपीआय जोडली गेली, आणि तेथील नोकरदाराला मोबाइल क्रमांकावरून दिवसाला सुमारे साठ हजार रुपयांपर्यंतची रक्कम पाहता पाहता येथे पाठवण्याची मुभा मिळाली. ही यंत्रणा चालवणाऱ्या राष्ट्रीय भुगतान निगमाची कचेरी वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे आपल्याच उपनगरात आहे, याचा मला अभिमान वाटतो. आणि म्हणूनच सिंगापूरच्या मुलाला जे सुख आहे ते न्यू जर्सीच्या किंवा दुबईच्या मुलाला केव्हा मिळणार हे तिच्या दारात जाऊन विचारण्याचा आपला अधिकार आहे असेही वाटते. रिझर्व्ह बँकेने २०२४ साली नेक्सस या बहुराष्ट्रीय जोडणीत सहभाग घेतला. तिच्यात मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि थायलंड आहेत. अमेरिका व आखात, जेथून आपल्याकडे सर्वाधिक पैसा येतो, ते तिच्यात नाहीत.

२०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने बाहेर जाणाऱ्या पैशावर कर बसविण्याचे ठरविले तेव्हा उपनगरांतील कित्येक घरांत चिंतेचे वातावरण पसरले होते. प्रथम पाच टक्क्यांचा प्रस्ताव होता, अखेर एक टक्का ठरला आणि तो जानेवारी २०२६ पासून लागू झाला; परंतु रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा तत्सम कागद देऊन पैसा पाठवला तरच तो पडतो, तेथील बँकखात्यातून किंवा तेथील कार्डाने पाठवल्यास पडत नाही. एवढी गोष्ट मुलाला ठाऊक असली म्हणजे काळजीचे कारण उरत नाही.

पैसा कोणत्या खात्यात यावा, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. परदेशी गेलेल्या मुलाचे जुने बचतखाते तसेच चालू ठेवणे नियमबाह्य आहे. नोकरीसाठी देश सोडला की ते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. परदेशातली कमाई ठेवण्यासाठी एनआरई खाते असते, त्यावरील व्याज येथे करमुक्त आहे आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. २०११ पासून येथे राहणाऱ्या जवळच्या नातेवाइकाचे नावही त्याला जोडता येते. पुष्कळ मुलगे सोयीसाठी सगळा पैसा आपल्या एनआरई खात्यात ठेवतात आणि आईला त्यातून काढण्याचे अधिकारपत्र देतात. हिशेबाला ते सुटसुटीत असेल. परंतु आईच्या खर्चासाठी म्हणून पाठवलेली रक्कम आईच्याच नावावरच्या खात्यात पडावी, तिने तिची मालकीण म्हणून ती खर्चावी, शिलकीवर तिचा हक्क असावा, हे मला अधिक योग्य वाटते. करापोटी काही द्यावे लागेल या भीतीलाही आधार नाही: मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशा नात्यातून आलेल्या भेटीवर घेणाऱ्याला प्राप्तिकर नाही. नात्याबाहेरच्या मित्राकडून वर्षभरात पन्नास हजारांहून अधिक आले तर मात्र ते उत्पन्नात धरले जाते. मुलाने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. परकीय देणग्यांच्या कायद्यात तो परकीय स्रोत ठरतो, आणि अशा नातेवाइकाकडून वर्षात दहा लाख रुपयांहून अधिक आल्यास तीन महिन्यांत केंद्र सरकारला कळवावे लागते. ही मर्यादा जुलै २०२२ पर्यंत एक लाख होती.

आतापर्यंत मी घरखर्चाच्या पैशाविषयी बोललो. पण उपनगरांत आता आणखी एक वर्ग उभा राहिला आहे, आणि त्याची उपेक्षा अधिक होते. अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झ उभे राहिले, आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, पुढे दागिने व संगणकप्रणाली येथून परदेशी जाऊ लागली. तेथील मोठा निर्यातदार बँकेच्या व्यापारकक्षाला दूरध्वनी करतो, डॉलरच्या भावात पैशापैशाची घासाघीस करतो आणि आपल्या पसंतीच्या क्षणी व्यवहार पक्का करतो. त्याच सीप्झपासून चार पावलांवर मरोळच्या एखाद्या इमारतीत घरबसल्या परदेशी चित्रपटांची उपशीर्षके लिहिणारी तरुणी, किंवा बोरिवलीत जर्मन कंपनीसाठी संगणकाचे काम करणारा तरुण, हेही निर्यातदारच आहेत. पण त्यांना बँक दिवसारंभी छापलेला कोष्टकातला दर लावते आणि त्यावर बोलण्याची सोय ठेवत नाही. रकमेच्या प्रमाणात त्यांची हानी मोठ्या निर्यातदाराहून कितीतरी अधिक होते. त्यांना वस्तू व सेवा कराच्या सवलतीसाठी परकीय रक्कम आल्याचा दाखला लागतो, आणि तो मिळवण्यासाठी शाखेतून मुख्य कचेरीकडे, तेथून परत शाखेकडे असे अर्ज फिरवावे लागतात. २०२३ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने सीमापार भरणा गोळा करणाऱ्या कंपन्यांना आपल्या थेट नियमनाखाली आणले, आणि त्यांतील काही कंपन्या हा दाखला आपणहून पाठवितात. कंपनीला जे साधते ते शंभर वर्षांच्या बँकेला साधू नये असे कोणतेच तांत्रिक कारण नाही. ज्याचे काम नियमित आहे त्याने बँकेत डॉलरचे ईईएफसी खाते मागावे. आलेली रक्कम त्यात पुढील महिन्याच्या अखेरपर्यंत डॉलरमध्येच राहू शकते, आणि दर पाहून रुपये करण्याची थोडी उसंत मिळते.

हा सगळा जाच चुकविण्यासाठी हवाल्याचा आडमार्ग धरणारे अजूनही आहेत. त्या मार्गाला दर चांगला मिळतो हे मी नाकारत नाही. पण १ जून २०००पासून लागू असलेल्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याने तो निषिद्ध आहे, दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो, आणि हातात आलेली रोकड कोणाच्या कोणत्या गुन्ह्यातली आहे हे घेणाऱ्याला कधीच समजत नाही. तितकेच कळकळीने सांगावेसे वाटते की, ‘परदेशातून रक्कम येणार आहे, तुमचे खाते थोडे दिवस वापरू द्या, टक्केवारी देऊ’ म्हणणाऱ्याला कॉलेजातल्या मुलामुलींनी दारात उभे करू नये. पैसा दुसऱ्याचा असला तरी खाते ज्याचे, चौकशी त्याची होते. आणि येणारी रक्कम सोडवण्यासाठी आधी ‘कस्टम’चे पैसे भरा असे जो सांगतो, त्याच्याजवळ कोणतीही रक्कम नसते.

लोकांनी आडमार्गाला जाऊ नये असे वाटत असेल, तर राजमार्गावरची जकात उघड फलकावर लिहिली पाहिजे. माझ्या मागणीत बँकांना न झेपणारे काही नाही. परदेशातून रक्कम जमा होताच खातेदाराच्या मोबाइलवर आणि पासबुकात चार आकडे यावेत: मूळ चलनात किती निघाले, किती पोचले, कोणता दर लावला व त्या वेळी बाजारातील दर काय होता, आणि शुल्क व कर प्रत्येकी किती. हे आकडे बँकेच्या संगणकात असतातच. ते मराठीत असावेत; किरकोळ ग्राहकाला द्यावयाचे छापील कागद हिंदी, इंग्रजी व प्रादेशिक भाषेत असावेत असा रिझर्व्ह बँकेचा जुनाच दंडक आहे, आणि परकीय रकमेची सूचना त्यातून वगळण्याचे कारण मला सापडत नाही. १९५८ पासून मुंबईत असलेल्या परकीय चलन विक्रेत्या बँकांच्या संघाने, फेडायने, रक्कम आल्यावर ती जमा करण्यास बँकेने कसूर केल्यास व्याज आणि दर पडल्याची भरपाई देण्याचा नियम घालून दिला आहे. तो नियम शाखेतील भिंतीवर मराठीत लावला जावा. २०२५ च्या ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने, रकमेचा निरोप येताच ग्राहकाला कळवावे व ती त्वरित जमा करावी, अशा आशयाच्या परिपत्रकाचा मसुदा प्रसिद्ध केला, तो स्वागतार्हच होता. पण त्वरेइतकीच पारदर्शकताही त्यात सक्तीची असावी अशी सूचना मुंबईच्या ग्राहकसंघटनांनी व उपनगरांतील लोकप्रतिनिधींनी लेखी धाडावयास हवी.

तोवर प्रत्येकाने आपल्यापुरते करावयाचे ते असे. पुढच्या वेळी रक्कम जमा झाली की शाखाधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज मराठीत लिहावा, त्यात संदर्भक्रमांक आणि तारीख घालावी, लावलेला दर व केलेल्या वजाती यांचा तपशील मागावा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. मुलाकडून पाठवल्याची पावती मागवून जोडावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मराठीतून मिळते.